पॅकेजिंग टूलच्या पोटात युनिट टेस्ट असाव्यात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कंपनीतल्या पायथन लायब्रऱ्या बांधून अंतर्गत इंडेक्सवर (जिथून बाकीच्या टीम त्या उतरवतात त्या साठ्यावर) चढवणारं एक टूल तुमची टीम लिहिते आहे. आवृत्ती वाढवणं, व्हील (बसवायला तयार असलेली पॅकेजची फाइल) तयार करणं, अपलोड करणं एवढं त्यात झालंय. आता दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं, टूलमध्येच युनिट टेस्टची (कोडचे छोटे तुकडे सुटे तपासण्याची) सगळी सोय द्या, म्हणजे टेस्ट शोधणं, चालवणं, असर्शन (अपेक्षित उत्तर आलं का ते तपासणाऱ्या ओळी), रिपोर्ट. तसं केलं की लोक टेस्ट लिहितील आणि फुटलेली लायब्ररी कुणाला चढवताच येणार नाही. दुसरी बाजू म्हणते, पॅकेजिंग टूलनं पॅकेज बांधावं; टेस्ट हे सीआयचं, म्हणजे कोड बदलला की आपोआप तपासण्या चालवणाऱ्या यंत्रणेचं काम.

माझं मत आधीच सांगून टाकतो. टेस्ट फ्रेमवर्क टूलमध्ये घालू नका. टेस्ट कशी चालवायची हे सांगायची एक ठरलेली जागा मात्र टूलमध्ये जरूर ठेवा, आणि बांधून तयार झालेल्या व्हीलवर ती टेस्ट पास झाल्याशिवाय अपलोड होऊ देऊ नका. तुमच्या पहिल्या गटाला जे हवंय त्यातलं बरंचसं यातून मिळतं, आणि दुसऱ्या गटाला ज्याची धास्ती आहे ते टळतं.

वाद अडकतो तो “अंगभूत टेस्टिंग” या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी बोलल्या जातात म्हणून. एक म्हणजे टेस्ट लिहायचं साधन. दुसरी म्हणजे टेस्ट चालवायची सगळीकडे सारखी असलेली कमांड. तिसरी म्हणजे अडवणूक: टेस्ट पास नसेल तर नेमक्या कुठल्या टप्प्यावर काम थांबवायचं. या तिघींची उत्तरं एक नाहीत.

साधनापासून सुरुवात करू, आणि त्यासाठी पायथनचाच इतिहास बघू, कारण त्याचे परिणाम तुम्हीही रोज भोगताय. पायथन पॅकेजेस बांधणाऱ्या सेटअपटूल्स या टूलमध्ये कितीतरी वर्षं “टेस्ट” नावाची कमांड होती. सेटअप.पीवाय या फाइलमध्ये टेस्ट कुठे आहेत ते लिहायचं, टेस्टला लागणाऱ्या पॅकेजेसची यादी द्यायची आणि “पायथन सेटअप.पीवाय टेस्ट” अशी कमांड द्यायची. कल्पना चांगलीच होती: कुठलाही प्रोजेक्ट उघडा, कमांड तीच. अडचण अशी झाली की ती कमांड पायथनबरोबर येणारं युनिटटेस्ट हे टेस्ट फ्रेमवर्क गृहीत धरून बांधली होती, आणि लोक हळूहळू पायटेस्ट या दुसऱ्या फ्रेमवर्ककडे गेले. मग पायटेस्ट बसवायला प्रत्येकाच्या सेटअप.पीवायमध्ये एक ठरावीक तुकडा दिसू लागला: सेटअपटूल्सचा टेस्ट कमांडचा क्लास इम्पोर्ट करायचा, त्यावरून आपला क्लास काढायचा आणि त्यात पायटेस्टला बोलवायचं. पायटेस्टच्या डॉक्युमेंटेशनमध्येही तो तुकडा होता, त्यामुळे तो डोळे मिटून चिकटवला जायचा. पुढे त्याला पर्याय म्हणून पायटेस्ट-रनर आलं. ते बिल्डला लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत लिहायचं. परिणाम असा की ज्याला टेस्ट चालवायच्याच नाहीत, फक्त सोर्सवरून लायब्ररी बसवायची आहे, त्याच्याही मशीनवर ते उतरायचं. शिवाय ही जादा पॅकेजेस पिप (पायथन पॅकेजेस बसवायचं नेहमीचं टूल) आणत नव्हतं, सेटअपटूल्स आपल्या जुन्या ईझी-इन्स्टॉलच्या यंत्रणेनं आणायचं. पिपला तुम्ही दिलेला अंतर्गत इंडेक्स किंवा प्रॉक्सी तिथे विचारात घेतला जाईलच याची खात्री नसे.

२०१९ मध्ये ही कमांड कालबाह्य ठरवली गेली. प्रत्यक्षात काढून टाकली ती जुलै २०२४ च्या अखेरीस, आवृत्ती ७२.०.० मध्ये. सूचना देऊन जवळजवळ पाच वर्षं झाली होती, तरी भराभर बिल्ड फुटले. का फुटले ते नीट बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. सेटअप.पीवाय ही नुसती माहितीची फाइल नाही, तो चालणारा प्रोग्रॅम आहे. सोर्सवरून पॅकेज बसवताना तो चालतो. त्यात वरच्या बाजूला टेस्ट कमांडचा क्लास इम्पोर्ट केलेला असेल आणि तो क्लासच नाहीसा झाला असेल, तर टेस्टशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसाचं इन्स्टॉल तिथेच कोसळतं. त्यातून पिप बिल्डसाठी वेगळं, स्वच्छ एन्व्हायर्नमेंट करतं आणि ठरावीक आवृत्ती सांगितलेली नसेल तर सेटअपटूल्सची सर्वांत नवी आवृत्ती तिथे ओढतं. त्यामुळे कितीतरी वर्षांत हात न लावलेली पॅकेजेसही एका दिवसात आडवी झाली. लगोलग ७२.१.० काढून ती कमांड परत आणावी लागली.

म्हणजे टेस्टचं साधन एकदा पॅकेजिंग टूलमध्ये शिरलं की ते काढता येत नाही, आणि ते बिल्डच्या वाटेत आलं की टेस्टच्या भानगडी टेस्ट न चालवणाऱ्यांच्या डोक्यावर बसतात. तुमचं टूल कंपनीपुरतं आहे हे खरं, पण चाळीस लायब्रऱ्यांनी तुमचं असर्शन वापरायला सुरुवात केली की तुमचीही गत तीच होणार.

आणखी एक कारण आहे आणि ते मला जास्त वजनदार वाटतं. पॅकेजिंग टूल संथपणे बदलणारं असायला हवं. आज बांधलेलं पॅकेज तीन वर्षांनी तसंच बांधता आलं पाहिजे, म्हणून त्यात बदल जपून आणि क्वचित करायचे असतात. टेस्टिंगची साधनं मात्र वेगानं बदलतात. फिक्श्चर, एकाच टेस्टला अनेक इनपुट देणं, समांतर चालवणं, असिंक कोड तपासणं, हायपॉथेसिससारखी स्वतःच इनपुट शोधणारी लायब्ररी, अशा मागण्या येतच राहतात. ते सगळं तुमच्या टूलमध्ये घ्यायचं ठरवलंत तर तुमची टीम पॅकेजिंगची राहणार नाही, टेस्ट फ्रेमवर्कची होईल, आणि तीही पायटेस्टपेक्षा निकृष्ट फ्रेमवर्कची.

यावर तुमचा पहिला गट लगेच रस्ट आणि गो या भाषांचं नाव घेईल, आणि ते घ्यायलाच हवं. रस्टमध्ये “कार्गो टेस्ट” म्हटलं की युनिट टेस्ट चालतात, टेस्ट्स फोल्डरमधल्या इंटिग्रेशन टेस्ट चालतात, डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणंसुद्धा कंपाइल होऊन चालतात. कार्गो तर पॅकेजिंग टूलच आहे. मग तिथे जमलं ते इथे का नको?

बारकाईनं पाहिलंत तर टेस्टचं साधन तिथेही कार्गोचं नाही. टेस्ट ओळखणारं अॅट्रिब्यूट भाषेत आहे, टेस्ट चालवणारा प्रोग्रॅम तयार करतो तो कंपायलर, आणि कार्गो फक्त सगळ्यांना योग्य क्रमानं बोलावतं. गोमध्येही टेस्टिंगचं पॅकेज स्टँडर्ड लायब्ररीत आहे आणि त्यात असर्शन मुद्दाम ठेवलेलीच नाहीत. भाषा, कंपायलर आणि टूल एकाच घरचे आहेत, पहिल्या आवृत्तीपासून एकत्र आलेत, म्हणून ते सुटसुटीत दिसतं. तुम्ही २०२० च्या दशकात, पायथनमध्ये, आधीच पायटेस्टवर असलेल्या लोकांसाठी टूल लिहिताय. ती परिस्थिती तुमच्याकडे नाही.

आणि एवढं सगळं जमून आलेल्या रस्टमध्येही साधनाची बाजू आखडलेलीच राहिली. टेस्ट चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचं (टेस्ट हार्नेसचं) जेसन आउटपुट, म्हणजे दुसऱ्या टूलला वाचता येईल असा निकाल, वर्षानुवर्षं अस्थिर गटातच आहे. ज्यांना प्रत्येक टेस्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये हवी, पुन्हा प्रयत्न हवेत, नीट रिपोर्ट हवा, ते कार्गो-नेक्स्टेस्ट नावाचं बाहेरचं टूल वापरतात. अंगभूत साधन कायमचं सांभाळावं लागतं म्हणून ते बारीक ठेवावं लागतं, आणि बारीक ठेवलं की लोक बाहेर जातात.

पण रस्टकडून घेण्यासारखं फार मोठं काही आहे, ते म्हणजे सारखी कमांड. रस्टच्या कंपायलरची नवी आवृत्ती काढण्याआधी क्रेटर नावाची यंत्रणा क्रेट्स.आयओ या रस्टच्या सार्वजनिक इंडेक्सवरच्या पॅकेजेसचा प्रचंड साठा जुन्या आणि नव्या कंपायलरनं बांधून, त्यांच्या टेस्ट चालवून फरक बघते. कुणाच्या टेस्ट कशा चालवायच्या हे माणसानं शोधत बसावं लागत नाही, म्हणूनच हे शक्य होतं. गोमध्ये “गो टेस्ट ऑल” म्हटलं की तुमच्याच नाही, तुम्ही ज्यांच्यावर विसंबून आहात त्या पॅकेजेसच्याही टेस्ट तुमच्या मशीनवर, तुम्ही निवडलेल्या आवृत्त्यांसह चालतात. डिपेंडन्सी अपग्रेड करण्याआधी याच्यासारखा दिलासा नाही. पायथनमध्ये अशी सोय नाही. पीईपी ५१७ नं (पीईपी म्हणजे पायथनमधल्या बदलांचे प्रस्ताव) बिल्डचं काम ठरावीक हुकांमध्ये, म्हणजे ठरलेल्या नावांच्या फंक्शनमध्ये बांधलं: व्हील बांधा, सोर्स पॅकेज बांधा, त्याला काय लागतं ते सांगा. टेस्टसाठी हूकच नाही. कुणी टॉक्स वापरतं, कुणी नॉक्स, कुणी मेकफाइल. अनोळखी लायब्ररीच्या टेस्ट चालवायच्या तर आधी तिची सीआयची फाइल वाचावी लागते. ही उणीव तुम्ही तुमच्या कंपनीपुरती भरून काढू शकता, आणि काढाच.

ती भरायची कशी, याचं मला सर्वांत नीटस वाटणारं उत्तर हॅस्केल भाषेच्या कबाल या पॅकेजिंग टूलमध्ये आहे. तिथे पॅकेजच्या वर्णनात टेस्ट-सूट असा भाग लिहितात आणि त्याचा प्रकार सांगतात. सर्रास वापरला जाणारा प्रकार इतकाच करार करतो: हा एक चालवता येणारा प्रोग्रॅम आहे, शून्य एक्झिट कोड (प्रोग्रॅम संपताना देतो तो आकडा) आला तर पास, दुसरं काही आलं तर नापास. आत कुठलं फ्रेमवर्क आहे याच्याशी कबालला देणंघेणं नाही. गंमत म्हणजे कबालनं दुसरा, जास्त तपशीलवार प्रकारही दिला होता, ज्यात प्रत्येक टेस्टची माहिती टूलला कळते. तो फारसा कुणी वापरत नाही. करार जितका अरुंद तितका तो टिकतो, असा माझा तरी अनुभव आहे.

तुमच्या टूलसाठी याचा अर्थ पायप्रोजेक्ट.टॉमल या प्रोजेक्टच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये दोन ओळी. एका ओळीत टेस्टची कमांड, दुसऱ्या ओळीत टेस्टला लागणाऱ्या पॅकेजेसच्या गटाचं नाव. हा गट लिहायची प्रमाणित जागा आता आहेच. पीईपी ७३५ ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्य झाला आणि डिपेंडन्सी-ग्रुप्स हा भाग त्यासाठीच आहे. तुमची स्वतःची नवी किल्ली तिथे काढू नका.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. टेस्ट कुठल्या प्रतीवर चालवायच्या? यावर मी इथे जरा रेंगाळणार आहे, कारण सीआयकडून सुटणारी आणि पॅकेजिंग टूललाच पकडता येणारी चूक इथे असते.

समजा तुमची एक लायब्ररी रक्कम मराठी अक्षरांत लिहून देते. १,२५,०५९ दिलं की “एक लाख पंचवीस हजार एकोणसाठ” परत देते. मराठीत शंभरपर्यंतचे आकडे नियमानं जोडून तयार होत नाहीत, प्रत्येकाला स्वतःचं रूप आहे, म्हणून त्यांचा तक्ता एका जेसन फाइलमध्ये ठेवलाय आणि ती फाइल पॅकेजच्या फोल्डरमध्ये डेटा नावाच्या उपफोल्डरात आहे. टेस्ट भरपूर आहेत: एकोणीस, एकोणसत्तर, नव्व्याण्णव, शून्य, कोटी. डेव्हलपर रेपोच्या (कोडच्या मूळ साठ्याच्या) मुळाशी उभा राहून “पायथन -एम पायटेस्ट” चालवतो, सगळं हिरवं, म्हणजे पास. सीआयसुद्धा रेपो उतरवून तेच चालवतं, तिथेही हिरवं. व्हील बांधलं, चढवलं. दुसऱ्या टीमनं ते बसवलं, इम्पोर्ट केलं आणि पहिल्याच ओळीला फाइल सापडत नाही म्हणून एरर.

झालं काय? टेस्ट चालल्या त्या रेपोतल्या कोडवर, कारण पायथननं चालू फोल्डरमधलं पॅकेज आधी उचललं. तिथे जेसन फाइल होतीच. व्हीलमध्ये मात्र ती गेली नाही, कारण पायथनच्या फायलींखेरीज काही घ्यायचं असेल तर ते सेटअपटूल्सला पॅकेज-डेटामधून किंवा मॅनिफेस्टमधून सांगावं लागतं, आणि ते राहून गेलं. टेस्ट खऱ्या होत्या, पण ज्या वस्तूच्या होत्या ती वस्तू वापरणाऱ्यापर्यंत गेलीच नाही. एडिटेबल इन्स्टॉल केलं तरी हीच फसगत होते, कारण तेही रेपोकडेच बोट दाखवतं. कोड एसआरसी फोल्डरमध्ये ठेवायची पद्धत याच दुखण्यावर निघाली. त्यानं निदान नकळत रेपोतला कोड उचलला जात नाही.

ही चूक पकडायला जास्त टेस्ट लागत नाहीत, योग्य जागी चालवलेल्या टेस्ट लागतात. तुमच्या टूलनं क्रम असा ठेवावा. आधी सोर्स पॅकेज बांधायचं. मग व्हील रेपोवरून नाही, त्या सोर्स पॅकेजवरून बांधायचं, म्हणजे सोर्स पॅकेजमध्ये काही राहिलं असेल तर तेही इथेच उघडं पडतं. पायथनचं बिल्ड नावाचं टूल काही न सांगता असंच करतं. मग कोरं एन्व्हायर्नमेंट करून त्यात फक्त व्हील आणि त्यानं जाहीर केलेल्या डिपेंडन्सी बसवायच्या आणि नुसतं इम्पोर्ट करून बघायचं. टेस्टची पॅकेजेस अजून घालायची नाहीत, हे महत्त्वाचं आहे. तुमची लायब्ररी रिक्वेस्ट्स हे पॅकेज वापरते पण जाहीर करायला विसरली असेल, आणि टेस्टच्या गटातलं एखादं पॅकेज योगायोगानं रिक्वेस्ट्स घेऊन येत असेल, तर टेस्ट पास होतील आणि चूक झाकली जाईल. इम्पोर्ट झाल्यावरच टेस्टचा गट बसवायचा, टेस्टचं फोल्डर रेपोबाहेरच्या तात्पुरत्या जागी कॉपी करायचं आणि तिथून कमांड चालवायची.

जमल्यास हेच सर्व पॅकेजनं जाहीर केलेल्या सर्वांत जुन्या पायथनवर एकदा करा. ३.९ चालेल असं लिहायचं आणि कोडमध्ये ३.१० पासून आलेलं मॅच हे स्टेटमेंट वापरायचं, हे फार वेळा होतं, आणि डेव्हलपरच्या मशीनवर ते कधीच दिसत नाही.

मी काही नवं सांगत नाहीये. आर भाषेच्या जगात “आर सीएमडी चेक” बांधलेल्या टारबॉलवरच (सगळं गुंडाळलेल्या पॅकेजच्या फाइलवरच) चालवायचं असतं; ते पॅकेज बसवतं, मदतीच्या पानांतली उदाहरणं चालवतं, टेस्ट्स फोल्डरमधल्या स्क्रिप्ट चालवतं, आणि आत टेस्टदॅट आहे की टायनीटेस्ट याची पर्वा करत नाही. हे नीट पार पडल्याशिवाय क्रॅन, म्हणजे आरचा सार्वजनिक पॅकेज साठा, पॅकेज घेत नाही. डेबियन या लिनक्स वितरणाचं ऑटोपीकेजीटेस्ट तर बसवलेल्या पॅकेजची परीक्षा घेण्यासाठीच आहे. कार्गोसुद्धा पब्लिश करताना क्रेटची (रस्टच्या पॅकेजची) फाइल वेगळ्या जागी उघडून तिथून कंपाइल करून बघतं, टेस्ट मात्र चालवत नाही. आणि पायथनमध्येच याचा चांगला नमुना आहे: सीआय-बिल्ड-व्हील. वेगवेगळ्या प्लॅटफॉर्मसाठी व्हील बांधायचं हे टूल तुमच्याकडून एक टेस्ट कमांड आणि टेस्टला लागणाऱ्या पॅकेजेसची यादी घेतं, व्हील नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये बसवतं आणि प्रोजेक्टच्या फोल्डरबाहेरून ती कमांड चालवतं. फ्रेमवर्क त्याला माहीत नाही, माहीत असायची गरजही नाही. तुम्ही तुमचं टूल लिहिण्याआधी त्याचा हा भाग वाचून घ्या.

सीआय हे करू शकत नाही का? करू शकतं. पण प्रत्येक लायब्ररीच्या सीआय फाइलमध्ये प्रत्येकानं हा क्रम न चुकता लिहायला हवा, आणि तो लिहिला जात नाही. बांधलेली वस्तू कुठे आहे, तिच्या डिपेंडन्सी काय आहेत, ती कुठल्या पायथनसाठी आहे, हे सगळं पॅकेजिंग टूलला आधीच ठाऊक असतं. तुमच्या दुसऱ्या गटाला मी हेच म्हणेन की रेपोवरच्या टेस्ट सीआयच्या, पण बांधलेल्या पॅकेजची तपासणी हे पॅकेजिंगचंच काम आहे.

आता अडवणूक कुठे करायची ते. पब्लिश करताना, एवढंच. इन्स्टॉल करताना नाही.

इन्स्टॉल करताना टेस्ट चालवायची परंपरा मोठी आहे आणि मला तिच्याबद्दल आदर आहे. पर्ल भाषेच्या सीपॅन या साठ्यावरून मॉड्यूल बसवताना मेक, मेक टेस्ट, मेक इन्स्टॉल हा क्रम ठरलेला; टेस्ट नापास झाली की इन्स्टॉल थांबतं, जबरदस्ती करायची तर तसं सांगावं लागतं. ओके आणि नॉट ओके छापणारं टेस्टचं साधं आउटपुट तर पर्लच्या १९८७ च्या पहिल्या आवृत्तीपासून चालत आलंय. त्यावरच पुढे सीपॅन टेस्टर्स उभं राहिलं: जगभरचे स्वयंसेवक आपापल्या मशीनवर, निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टिम आणि पर्लच्या आवृत्त्यांवर नवी मॉड्यूल्स बांधून, टेस्ट चालवून निकाल लेखकाला कळवायचे. जिच्यावर लेखकाचा हात कधी पडला नसेल अशा सोलॅरिस मशीनवरचा निकाल त्याला घरबसल्या मिळायचा.

तिथे त्याला अर्थ होता, कारण मॉड्यूल सोर्सच्या रूपात यायचं, त्यातला सी कोड वापरणाऱ्याच्या मशीनवर कंपाइल व्हायचा आणि प्रत्येक मशीन वेगळं असायचं. बांधणी तिथे होत होती म्हणून तपासणीही तिथे. तुमच्याकडे व्हील एकदा बांधलं जातं आणि तेच सगळीकडे जातं. दर इन्स्टॉलला, दर कंटेनर इमेज बांधताना त्याच व्हीलच्या टेस्ट पुन्हा चालवून वेळ जातो, नवं काही कळत नाही. पर्लमध्येही टेस्ट गाळायचा पर्याय लोक सर्रास वापरतातच. शिवाय इन्स्टॉलच्या वेळी पॅकेजमधला कोड आपोआप चालणं ही आता घातक गोष्ट आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज इंडेक्सवर पसरलेला शाय-हुलूद हा वर्म (स्वतःच पसरणारा घातक प्रोग्रॅम) इन्स्टॉलनंतर आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टवरच स्वार होता. व्हीलच्या इन्स्टॉलमध्ये पॅकेजचा कोड चालत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. तो घालवू नका.

पब्लिशच्या वेळच्या अडवणुकीलाही मर्यादा ठेवा. क्रॅन पॅकेजच्या तपासणीला कमीत कमी वेळ लागावा असा आग्रह धरतं, आणि मग लेखक संथ टेस्ट क्रॅनवर गाळण्याची खूण करून ठेवतात. तुमच्याकडेही तेच होईल. डेटाबेस, नेटवर्क, अर्धा तास चालणारं काहीही या वेशीवर आणू नका. ते सीआयमध्ये राहू दे. इथे युनिट टेस्ट आणि पॅकेजच्या फायली खरोखर वाचणाऱ्या दोनचार टेस्ट पुरतात. आणि सुटकेची वाट ठेवावीच लागेल. एआरएम प्रोसेसरसाठीचं व्हील इंटेलच्या मशीनवर बांधलं तर त्याच्या टेस्ट तिथे चालणारच नाहीत. डेबियनमध्ये टेस्ट न चालवता बांधायचा नोचेक हा पर्याय अशा कामांसाठीही लागतो. पण मेव्हन या जावाच्या बिल्ड टूलमध्ये टेस्ट गाळणाऱ्या स्किपटेस्ट्सचं काय झालं ते बघा: कुणीतरी घाईत एकदा लिहिलं आणि ते बिल्ड स्क्रिप्टमध्ये कायमचं राहिलं. म्हणून तुमच्या टूलमध्ये टेस्ट गाळायच्या असतील तर कारण लिहायला लावा आणि ते कारण त्या आवृत्तीबरोबर इंडेक्सवर सगळ्यांना दिसू द्या.

टेस्टच्या फायली पॅकेजमध्ये घालायच्या का, हे पुढे विचारालच. सोर्स पॅकेजमध्ये हो, व्हीलमध्ये नको. पॅकेजेस आपोआप शोधायला सांगून टेस्टचं फोल्डर वगळायचं राहिलं, की साइट-पॅकेजेसमध्ये (बसवलेली पॅकेजेस जातात त्या फोल्डरमध्ये) “टेस्ट्स” नावाचं पॅकेज सर्वांत वरच्या पातळीवर जाऊन बसतं. दोन लायब्रऱ्यांनी हेच केलं की त्यांच्या फायली एकमेकींवर चढतात, आणि तिसऱ्याच माणसाच्या टेस्ट भलतंच पॅकेज इम्पोर्ट करू लागतात. व्हीलच्या आत काय आहे याची यादी तुमच्या टूलकडे असतेच. त्यात वरच्या पातळीवर या नावाचं काही दिसलं की तिथेच थांबवा. पाच ओळींचं काम आहे.

टेस्टच्या फायली बिल्डपासून दूर ठेवायचं दुसरं कारण जास्त गंभीर आहे. मार्च २०२४ मध्ये उघडकीला आलेलं, एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीतलं मागचं दार (बॅकडोअर) आठवा. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत घातक कोड लपवला होता तो टेस्टसाठी म्हणून ठेवलेल्या, मुद्दाम बिघडवलेल्या वाटणाऱ्या कॉम्प्रेस्ड फायलींत. कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत अशा फायली असणारच, म्हणून कुणाला संशय आला नाही. त्या उघडून कोड बिल्डमध्ये मिसळणारी ओळ फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती. आंद्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला लागणारा किंचित जास्त वेळ खटकला म्हणून ते सापडलं. तुमच्या टूलला यातून घेता येण्यासारखी गोष्ट साधी आहे: व्हील बांधायच्या टप्प्यात टेस्टचं फोल्डर दिसताच कामा नये, म्हणून सोर्स पॅकेज उघडल्यावर ते आधी बाजूला काढायचं. बांधणी पूर्ण झाली, हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारी खूण) काढला, मग टेस्ट आत आणायच्या, आणि टेस्ट चालून झाल्यावर तोच हॅश असलेली फाइल अपलोड करायची. टेस्ट चालताना व्हील बदललं असेल तर अपलोड होणार नाही.

राहिला तुमच्या पहिल्या गटाचा हेतू: लोकांनी टेस्ट लिहाव्यात. अडवणुकीनं लोक टेस्ट लिहीत नाहीत, अडवणूक चुकवायला शिकतात. एनपीएमनं नवं पॅकेज सुरू करताना टेस्टच्या जागी “टेस्ट दिलेली नाही” असा एरर छापणारी ओळ घालायची पद्धत ठेवली, आणि आजही असंख्य पॅकेजेसमध्ये ती ओळ जशीच्या तशी आहे. त्यापेक्षा तुमच्या टूलची नवी लायब्ररी सुरू करायची कमांड एक खरी, चालणारी टेस्ट तयार करून देऊ दे: पॅकेज इम्पोर्ट होतं, आवृत्ती जुळते, डेटा फोल्डर असेल तर त्यातली एक फाइल वाचता येते. रिकाम्या फोल्डरमध्ये पहिली टेस्ट लिहायला माणूस कंटाळतो, असलेल्या फाइलमध्ये दुसरी टेस्ट सहज घालतो. हॅच या पायथनच्या पॅकेजिंग टूलकडे टेस्टची कमांड आहे आणि आत ते पायटेस्टच चालवतं. तुमच्या साच्यातही सरळ पायटेस्ट ठेवा. ज्याला दुसरं काही हवं तो कमांडची ओळ बदलेल.

हे सगळं उभं राहिलं की पुढची पायरी तुम्हाला स्वतःहूनच दिसेल. क्रॅन एखाद्या पॅकेजची नवी आवृत्ती आली की तिच्यावर अवलंबून असलेल्या पॅकेजेसचीही तपासणी करतं आणि काही मोडत असेल तर लेखकाला विचारतं. तुमच्या इंडेक्सवर हे करता येईल, कारण कुणाच्या टेस्ट कशा चालवायच्या हे आता टूलला माहीत आहे. सुरुवातीला सगळ्यांवर करू नका; ज्या चारपाच लायब्रऱ्यांवर बाकी सगळ्या टेकल्यात त्यांच्यापुरतं रात्री चालवा. मात्र त्यासाठी अवलंबून असलेल्या लायब्रऱ्यांच्या टेस्ट सोर्स पॅकेजमध्ये असाव्या लागतात. हे काम सहा महिन्यांनी करायचं असलं तरी सोर्स पॅकेजमध्ये टेस्ट घालायचा नियम पहिल्या रिलीजपासून ठेवा, कारण आधी चढवलेल्या आवृत्त्यांत त्या नंतर घालता येत नाहीत.